एझेड-१०४ दोनदा राहिली, तिसऱ्या वेळी काय वेगळं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकला एका कारखान्यात सात वर्षं विंडोज सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, बॅकअप, फायरवॉल सगळं तुम्हीच बघताय, कंपनी आता अ‍ॅझ्युअरवर जाणार म्हणून एझेड-१०४ (अ‍ॅझ्युअर म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परीक्षा) करायला सांगितलीय, व्हिडिओ कोर्स दोनदा पूर्ण बघून झाला, परीक्षाही दोनदा दिली, आधी ६१२ आले आणि आता ६५४, आणि सगळ्यात कमी मार्क नेमके आयडेंटिटी आणि नेटवर्किंगमध्ये, म्हणजे जे तुमचं रोजचं काम आहे त्यातच. ऑफिसमधला मित्र म्हणतो डम्प (परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं) घे आणि मोकळा हो. मग करू काय?

डम्पचं आधी सांगतो. नका घेऊ. परीक्षेआधी जो करार आपण मान्य करतो त्यात हे बसत नाही आणि पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते, हे तर आहेच. पण मला त्याहून मोठी अडचण वाटते ती ही, की त्यातली कितीतरी उत्तरं सरळ चुकीची असतात, आणि उद्या कंपनीचं प्रॉडक्शन तुमच्याच हातात येणार आहे. पाठ केलेल्या उत्तरावर कुणाला ओनर रोल (म्हणजे सगळे अधिकार) देऊन बसलात तर निस्तरायलाही तुम्हालाच लागणार. आणि ६५४ वाल्या माणसाला त्याची गरजच नाहीये.

आता मार्कांचं. ७०० ला पास म्हणजे ७० टक्के नाही, स्कोअर स्केल केलेला असतो, त्यामुळे ६५४ म्हणजे ६५ टक्के बरोबर आले असा हिशोब करू नका आणि आता दोन-तीन प्रश्नच कमी पडले असंही समजू नका. स्कोअर रिपोर्टमध्ये विभागवार पट्ट्या दिलेल्या असतात त्या कामाच्या आहेत. एझेड-१०४ चे भाग पाच: आयडेंटिटी आणि गव्हर्नन्स २० ते २५ टक्के, स्टोरेज १५ ते २०, कॉम्प्युट २० ते २५, नेटवर्किंग १५ ते २०, मॉनिटरिंग आणि बॅकअप १० ते १५. तुमच्या दोन अशक्त बाजू मिळून जवळपास चाळीस टक्के पेपर होतो. तिथेच लागायचं, बाकी तीन भाग परत पहिल्यापासून बघत बसू नका.

या दोन भागांत तुमच्यासारखा अनुभवी माणूस का अडकतो हे मी बऱ्याच जणांच्या तयारीत पाहिलंय. फ्रेशरची पाटी कोरी असते, त्याला जे सांगितलं ते तो तसंच घेतो. आपल्या हाताला जुनी सवय असते आणि परीक्षेतल्या चार पर्यायांपैकी एक पर्याय बरोब्बर त्या जुन्या सवयीला पटेल असाच लिहिलेला असतो.

साधं उदाहरण बघा. प्रश्न येतो की /२७ चा सबनेट (नेटवर्कचा तुकडा, ३२ पत्त्यांचा) आहे, त्यात किती व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) बसतील. तुमचा हात आपोआप ३२ वजा २, म्हणजे ३० वर जाणार, आणि ३० हा पर्याय तिथे असणारच. पण अ‍ॅझ्युअर प्रत्येक सबनेटमध्ये पाच पत्ते स्वतःकडे ठेवतो, पहिले चार आणि शेवटचा, म्हणून उत्तर २७. /२९ घेतलात तर आठातले फक्त तीन उरतात. हे एकदा पोर्टलवर /२९ चा सबनेट करून बघा, सबनेटच्या यादीत उपलब्ध पत्त्यांचा आकडा समोर दिसतो, परत विसरणार नाही.

आयडेंटिटीत तर ही सवय जास्त नडते. आधी त्याचं नाव अ‍ॅझ्युअर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी होतं, २०२३ मध्ये ते एन्ट्रा आयडी झालं, आणि खरं सांगायचं तर नाव बदललं ते बरंच झालं कारण ती आपली जुनी एडी नाहीच. त्यात ओयू (यूजर आणि कॉम्प्युटर ठेवायचे कप्पे) नाहीत, ग्रुप पॉलिसी नाही, डोमेन जॉईनची जुनी गोष्ट नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एन्ट्राचे रोल वेगळे आणि अ‍ॅझ्युअरचे आरबॅक रोल (कुठल्या रिसोर्सवर कोण काय करू शकतो ते ठरवणारे) वेगळे. आपल्याकडे डोमेन अ‍ॅडमिन म्हणजे सगळ्याचा मालक, त्यामुळे ग्लोबल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दिसला की वाटतं हा काहीही करू शकेल. नाही करू शकत. ग्लोबल अ‍ॅडमिनला सबस्क्रिप्शनमधल्या एका साध्या व्हीएमवरसुद्धा आपोआप अधिकार नसतो. त्याला आधी एन्ट्राच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अ‍ॅक्सेस मॅनेजमेंटचा स्विच चालू करावा लागतो, तेव्हा त्याला रूट स्कोपवर यूजर अ‍ॅक्सेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मिळतो, आणि मग तो स्वतःला किंवा दुसऱ्याला रोल देऊ शकतो. यावर प्रश्न फिरवून फिरवून विचारतात.

तसंच कंट्रिब्युटर. कंट्रिब्युटर जवळपास सगळं बनवू शकतो, डिलीट करू शकतो, पण दुसऱ्याला रोल देऊ शकत नाही आणि लॉक (चुकून बदल किंवा डिलीट होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) काढू शकत नाही. रोल देणं आणि लॉक लावणं-काढणं ही कामं ओनर किंवा यूजर अ‍ॅक्सेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची.

हे वाचून डोक्यात राहत नाही, त्यामुळे एक प्रयोग सांगतो तो नक्की करा, मला विचाराल तर अख्ख्या आयडेंटिटी भागाचा अर्क यात आहे. टेनंटमध्ये (तुमच्या एन्ट्रा डिरेक्टरीत) एक टेस्ट यूजर बनवा. एक रिसोर्स ग्रुप (सगळ्या वस्तू एकत्र ठेवायचा गट), त्यात एक स्टोरेज अकाउंट, त्यात एक कंटेनर आणि एखादी टेक्स्ट फाइल. टेस्ट यूजरला त्या रिसोर्स ग्रुपवर रीडर द्या आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याच्या नावाने लॉगिन करा. स्टोरेज अकाउंट दिसेल, फाइल उघडणार नाही. मग त्याला कंट्रिब्युटर करा. आता फाइल उघडेल, पण का उघडली ते बघा, कंटेनरच्या वरच लिहिलेलं असतं की अ‍ॅक्सेस की वापरून आत आलात. तिथेच ऑथेंटिकेशनची पद्धत बदलून एन्ट्राचं यूजर अकाउंट करा आणि परत उघडायला जा, अधिकार नाही असा एरर येईल! कंट्रिब्युटर असूनसुद्धा. कारण कंट्रिब्युटरला अकाउंट सांभाळायचा अधिकार आहे, आतल्या डेटाचा नाही, तो डेटा त्याला किल्ली हाती लागते म्हणून दिसत होता. आता स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर हा रोल द्या, काही मिनिटं थांबा, मग उघडेल. शेवटचं म्हणजे तुमच्या अ‍ॅडमिन अकाउंटवरून त्या स्टोरेज अकाउंटला रीड-ओन्ली लॉक लावा आणि अ‍ॅक्सेस की बघायला जा. की दिसणारच नाहीत, तुम्ही ओनर असलात तरी. नाव रीड-ओन्ली आहे मग बघायला काय हरकत, असं वाटतं, पण की काढून देणं ही अ‍ॅझ्युअरच्या लेखी वाचायची क्रिया नाही, ती पोस्ट रिक्वेस्ट आहे, म्हणून लॉक तिला अडवतो. एका संध्याकाळचं काम आहे, आणि रोल, स्कोप, कंट्रोल प्लेन (अकाउंट सांभाळणं), डेटा प्लेन (आतला डेटा), लॉक हे सगळं त्यात एकदम कळतं.

नेटवर्किंगसाठी पण असंच. तीन व्हीनेट (व्हर्च्युअल नेटवर्क) बनवा, अ, ब आणि क, पत्ते एकमेकांवर चढू देऊ नका नाहीतर पीअरिंगच (दोन व्हीनेट जोडणं) होणार नाही. अ–ब पीअर करा, ब–क पीअर करा, प्रत्येकात एक छोटा लिनक्स व्हीएम टाका. अ मधून ब ला पिंग जाईल, ब मधून क ला जाईल, अ मधून क ला जाणार नाही. पीअरिंग पुढे सरकत नाही. (विंडोज व्हीएम घेतलात तर त्याची स्वतःची फायरवॉल पिंग अडवते आणि तुम्ही उगाच पीअरिंगवर संशय घेत बसाल, म्हणून लिनक्स म्हणालो.) मग अ ते क जायला काय काय लागेल ते करून बघा, म्हणजे एकतर थेट पीअरिंग, नाहीतर ब मधल्या व्हीएमला राउटर बनवून त्याच्या नेटवर्क कार्डवर आणि आतल्या ओएसमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करणं, दोन्ही टोकांना रूट टेबल लावणं, आणि पीअरिंगमध्ये फॉरवर्डेड ट्रॅफिकला परवानगी देणं. यातली एक एक गोष्ट मुद्दाम बंद करून काय होतं ते बघा आणि नेटवर्क वॉचरमधलं नेक्स्ट हॉप (पॅकेट पुढे कुठे जातं ते दाखवणारं टूल) दर वेळी चालवा.

एनएसजीचं (नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप, ट्रॅफिक अडवायचे-सोडायचे नियम) पण तिथेच उरकून घ्या. नंबर जितका लहान तितका नियम आधी, १०० ते ४०९६. सबनेटवर एक एनएसजी आणि नेटवर्क कार्डवर दुसरा असेल तर आत येताना आधी सबनेटचा, बाहेर जाताना आधी कार्डचा, आणि दोघांनी हो म्हटलं तरच पॅकेट जातं. आयपी फ्लो व्हेरिफाय नावाचं टूल कुठल्या नियमाने अडवलं ते नावासकट सांगतं, आणि "कुठलं टूल वापराल" असा प्रश्न येतोच.

हे सगळं करायला खर्च किती, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. नवीन फ्री अकाउंटला पहिल्या ३० दिवसांसाठी २०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, कार्ड द्यावं लागतं. त्यात आरामात भागतं, पण दोन-तीन गोष्टी सांभाळा. व्हीएम आतून शटडाऊन केला तर तो नुसता स्टॉप्ड होतो आणि भाडं चालूच राहतं, पोर्टलवरून थांबवून स्टॉप्ड डीअ‍ॅलोकेटेड असं दिसलं पाहिजे, आणि तेव्हाही डिस्कचे पैसे लागतातच. व्हीपीएन गेटवे आणि बॅस्टियन (ब्राउझरमधून व्हीएमला जोडायची सेवा) वापरा न वापरा तासाच्या दराने चालतात, बनवा, बघा, त्याच दिवशी उडवा. बजेट लावून ठेवा पण बजेट आपणहून फक्त सूचना पाठवतं, काही बंद करत नाही. प्रत्येक प्रयोग वेगळ्या रिसोर्स ग्रुपमध्ये करायचा आणि झोपायच्या आधी तो ग्रुपच डिलीट करायचा. बॅकअपचा प्रयोग केलात तर ग्रुप लगेच डिलीट होणार नाही, कारण रिकव्हरी सर्व्हिसेस व्हॉल्टमधला सॉफ्ट डिलीट बॅकअप डेटा किमान १४ दिवस धरून ठेवतो आणि तोवर व्हॉल्ट रिकामा होत नाही, यावर पण प्रश्न येतो. आणि हो, व्हॉल्ट आणि व्हीएम एकाच रीजनमध्ये (डेटा सेंटर असलेल्या भागात) लागतात.

रीजनवरून आठवलं. सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे, वेस्ट इंडिया म्हणजे मुंबई, साउथ इंडिया म्हणजे चेन्नई. पुण्यात अ‍ॅव्हेलेबिलिटी झोन (एकाच रीजनमधली वेगवेगळी डेटा सेंटर) आहेत, मुंबईत नाहीत. सेंट्रल इंडियात जीआरएस स्टोरेज (दुसऱ्या रीजनमध्येही प्रत ठेवणारं) घेतलं की दुसरी प्रत चेन्नईला जाते. एलआरएस (एकाच डेटा सेंटरमध्ये प्रती), झेडआरएस (झोनमध्ये प्रती), जीआरएस हे नुसतं घोकण्यापेक्षा आपल्या कारखान्याचा डेटा पुण्यात आहे, एक डेटा सेंटर बंद पडलं तर काय, अख्खं पुणं बंद पडलं तर काय, आणि चेन्नईची प्रत एरवी वाचता यायला हवी असेल तर काय, असं स्वतःला विचारत गेलात तर कुठलं उत्तर कधी ते आपसूक कळतं.

कॉम्प्युटबद्दल फार लिहीत नाही, तुमचा स्कोअर तिथे ठीक आहे. एवढंच की व्हीएम एकदा बनवल्यावर अ‍ॅव्हेलेबिलिटी सेटमध्ये (व्हीएम वेगवेगळ्या रॅकवर पसरवणाऱ्या गटात) टाकता येत नाही, बनवतानाच ठरवावं लागतं. अ‍ॅप सर्व्हिसमध्ये डिप्लॉयमेंट स्लॉट स्टँडर्ड टियरपासून पुढे, बेसिकला नाहीत. एआरएम टेम्प्लेट आणि बायसेप (काय काय बनवायचं ते लिहिलेल्या फाइली) लिहिता आलं नाही तरी चालेल, वाचता आलं पाहिजे, म्हणजे दिलेला तुकडा बघून काय तयार होईल, किती तयार होतील, कुठे तयार होतील हे सांगता यावं. पोर्टलवर काहीही बनवताना शेवटच्या पानावर टेम्प्लेट डाउनलोड करायची सोय असते, ती दर वेळी उघडून वाचा.

आता प्रश्न वाचायच्या पद्धतीबद्दल, कारण ही परीक्षा रोलवर आधारलेली आहे म्हणजे काय ते बऱ्याच जणांना उमगत नाही. जुन्या एमसीएसए, एमसीएसई परीक्षा प्रॉडक्टवर होत्या, विंडोज सर्व्हर २०१२, २०१६ अशा, त्या ३१ जानेवारी २०२१ ला कायमच्या बंद झाल्या. २०१८ पासून जी नवी पद्धत आली त्यात तुम्ही त्या खुर्चीत बसला आहात असं धरून प्रश्न असतो. चारपैकी दोन पर्यायांनी काम होतं, कधी तीन पर्यायांनीही होतं, पण प्रश्नाच्या शेवटी एक अट असते: कमीत कमी अधिकार द्या, कमीत कमी खर्च करा, कमीत कमी अ‍ॅडमिनचं काम वाढवा. ती अट उत्तर ठरवते. आपण कामावर असताना "चाललं ना, झालं" असं करतो, सरळ ओनर देऊन टाकतो कारण फोन वाजतोय. परीक्षेत ते चुकतं, आणि खरं तर कामावरही चूकच आहे. म्हणून प्रश्न खालून वर वाचा, आधी शेवटची अट, मग पर्याय, मग वरची गोष्ट.

हो-नाही असे लागोपाठचे प्रश्न येतात, गोष्ट तीच आणि उपाय दर वेळी वेगळा. त्यात परत मागे जाता येत नाही. एकापेक्षा जास्त उपाय बरोबर असू शकतात किंवा एकही नसू शकतो, त्यामुळे मागच्याला हो म्हटलं म्हणून याला नाही, असं करू नका. केस स्टडीही एकदा संपवून पुढे गेलात की बंद. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, काहीही कोरं सोडू नका.

परीक्षेत आता मायक्रोसॉफ्ट लर्न उघडता येतं, ऑगस्ट २०२३ पासून रोल-बेस्ड परीक्षांना ही सोय आहे, एझेड-९०० सारख्या फंडामेंटल्सना नाही. पण घड्याळ थांबत नाही आणि शंभर मिनिटांत चाळीस-साठ प्रश्न असतात. ज्याला विषय येतो त्याला चार-पाच प्रश्नांना याचा उपयोग होतो, कुठला रोल नेमकं काय करू शकतो, कुठल्या टियरला काय मिळतं, आर्काइव्हमधून फाइल परत यायला किती वेळ, असल्या गोष्टी. ज्याला विषय येत नाही तो शोधत बसतो आणि शेवटचे दहा प्रश्न राहतात. म्हणून घरी अभ्यास करताना गूगल बाजूला ठेवा आणि लर्नच्या स्वतःच्या सर्चमधूनच शोधायची सवय करा, कुठलं पान कुठे आहे ते डोळ्यांना ओळखीचं व्हायला हवं.

साहित्य काय वापरायचं, तर व्हिडिओ आता बंद. खरंच बंद करा, दोनदा बघून झालाय, तिसऱ्यांदा बघताना सगळं येतंय असा नुसता भास होतो. एझेड-१०४ च्या स्टडी गाइडचं पान उघडा, त्यात कौशल्यांची यादी आहे, एक एक ओळ घ्या आणि स्वतःला विचारा की हे मी हाताने केलंय का. नसेल तर करा. त्याच पानावर खाली काय बदललं तेही दिलेलं असतं, परीक्षेच्या तारखेआधी एकदा बघून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या कोर्सचे लॅब गिटहबवर फुकट आहेत. लर्नवरची प्रॅक्टिस असेसमेंटही फुकट आहे, प्रत्येक उत्तराखाली कारण आणि लिंक असते. त्यात सलग ८५–९० टक्के येऊ लागले की बुकिंग करा, पण बरोबर आलेल्या प्रश्नातही उरलेले तीन पर्याय का चूक ते तोंडाने सांगता आलं पाहिजे, खरी तयारी तीच.

दुसऱ्यांदा राहिल्यावर निदान १४ दिवस थांबावंच लागतं आणि वर्षभरात एकूण पाचच संधी, म्हणून घाई नको. नोकरी सांभाळून रोज तासभर आणि रविवारी सकाळ दिलीत तर सहा-सात आठवडे पुरतील.

बुकिंगच्या आधी एक काम. परीक्षा मराठीत मिळत नाही, आणि आपली भाषा उपलब्ध नसेल तर ३० मिनिटं जादा मागता येतात. हे आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहीत असतं. विनंती बुकिंगच्या आधी करून मंजूर करून घ्यावी लागते. लांबलचक इंग्रजी प्रश्न दोनदा वाचायला लागत असतील तर त्यात कमीपणा काही नाही, सोय आहे ती घ्या. प्रोफाइलमधलं नाव ओळखपत्रावर आहे तसंच ठेवा, वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही अशाने चेक-इनला अडचण येते. घरून द्यायची असेल तर खोलीचे फोटो मागतात, टेबल रिकामं लागतं, मध्ये कुणी आत आलं तर परीक्षा थांबवू शकतात. लाइटचा आणि नेटचा भरवसा नसेल तर सरळ सेंटर घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की एमएस-१०२ (मायक्रोसॉफ्ट ३६५ ची अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परीक्षा) आधी करू का. तुमच्या ऑफिसात मेलबॉक्स, टीम्स, लॅपटॉप हेच मुख्य काम असतं तर मी इंट्यूनची (लॅपटॉप-मोबाइल सांभाळायची सेवा) एमडी-१०२ आधी आणि मग एमएस-१०२ म्हणालो असतो, कारण एमएस-१०२ चं एक्सपर्ट सर्टिफिकेट मिळायला एक असोसिएट पातळीचं सर्टिफिकेट लागतंच. पण तुमचे सर्व्हर अ‍ॅझ्युअरवर जाणार आहेत, म्हणून एझेड-१०४ च. ती झाली की एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धती) लिहायचं आणि मायग्रेशनच्या मीटिंगला बसायचं काम मागून घ्या, आणि सबस्क्रिप्शनवर निदान रीडर तरी मागा, बिलं आणि पॉलिसी रोज डोळ्याखालून गेल्या पाहिजेत. सर्टिफिकेट वर्षभर चालतं, संपायच्या सहा महिने आधीपासून लर्नवर फुकट रिन्यूअल असेसमेंट उघडते, घरी बसून, पुस्तक उघडून देता येते. तारीख उलटून गेली तर मात्र पूर्ण परीक्षा परत द्यावी लागते, तेव्हा पास झाल्याच्या दिवशीच रिमाइंडर लावून टाका.